तिथी, दर आणि थांबण्याची ऐपत



आज कृष्ण तृतीया. तिथीला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे, म्हणजे भरती किती वाजता पुरी होते ते कळते. तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. आज दुपारी सव्वादोनच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्याला भरती पुरी झाली. तेच पाणी वसईच्या मुखातून आत येते आणि घोडबंदर, कोलशेत, बाळकुम, मुंब्रा करत आपल्या डोंबिवलीच्या मोठागावला आणि पुढे कल्याणच्या दुर्गाडीखाली पोचते. वाटेत त्याला उशीर होतो. लोकल गाडीला होतो तसाच, फक्त खाडीच्या उशिराचे वेळापत्रक ठरलेले असते.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी आम्हाला पाऊणकीचा पाढा याच उदाहरणाने शिकवला. वर्गात खाडीकाठची तीन-चार मुले होती. आम्ही पाटीवर गुणाकार मांडेपर्यंत त्यांचे उत्तर तयार असायचे. गुरुजी म्हणायचे, "हे गणित करत नाहीत, यांना पाणी दिसतंय." पुढे नोकरीत मी सहकारी संस्थांची दप्तरे तपासू लागलो. उत्तनपासून खाडीतल्या लहान संस्थांपर्यंत मच्छीमारांच्या बऱ्याच वह्या हाताखालून गेल्या, तेव्हा गुरुजींचे हे वाक्य वारंवार आठवले. आजचे व्याख्यान त्या वह्यांवर आहे. विषयाच्या मध्यभागी मी शेवंड ठेवली आहे. संयोजकांनी जरा बिचकतच विचारले, "साहेब, ठाणे-कल्याण-डोंबिवलीत शेवंड कुठली?"

प्रश्न रास्त आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणूपासून वसईपर्यंतचा समुद्र त्याच्या वाट्याला गेला आणि ठाणे जिल्ह्याकडे खरा दर्या म्हणावा असा भाईंदरजवळच्या उत्तन-चौक-पालीचा तुकडाच राहिला. बाकी सगळी खाडी. शेवंडीला खारे पाणी लागते, गोडे पाणी फार मिसळले की ती टिकत नाही. त्यामुळे ती खाडीत येत नाही आणि डोंबिवलीला तर थर्माकोलच्या खोक्यातूनच येते. पण उत्तनच्या जाळ्यांत ती सापडते. आपल्याकडे चिखलट तळावर राहणारी, लांब मिशांची, हिरवट रंगाची जात आहे. तिला नांग्या नसतात. सिनेमातल्या ताटात दिसणारी मोठ्या नांग्यांची शेवंड अटलांटिक महासागरातली, ही तिची लांबची नातेवाईक.

शेवंड मध्यभागी का ठेवली, तेही सांगतो. मासळीच्या धंद्यात फार थोडा माल असा आहे, जो पाण्याबाहेर काढल्यावरही काही काळ मरत नाही. भिजवलेल्या भुशात, गारव्यात नीट बांधली तर ती दिवसभर आणि त्याहून जास्तही जगते, विमानाने परदेशी जाते. जिवंत शेवंडीला मेलेल्या शेवंडीच्या कितीतरी पट भाव मिळतो. वजन तेच, चव जवळजवळ तीच. तरीही भाव वेगळा, कारण जिवंत शेवंड थांबू शकते. बोंबील थांबू शकत नाही. सकाळी सहाला ताठ असलेला बोंबील अकरा वाजता हातात लोळतो आणि त्याचा भावही त्याच्यासारखाच लोळतो.

उत्तनच्या एका वहीत मी एकदा शेरा मारला होता. अमुक तारखेला बाजारभाव पडलेला असताना संस्थेच्या सभासदांनी माल विकला, दुसऱ्या दिवशी भाव चढला होता, तरी विक्रीचा निर्णय तपासावा. लेखापरीक्षक म्हणून शेरा बिनचूक होता. संस्थेतल्या एका म्हाताऱ्या नाखव्याने तो दोनदा वाचून घेतला आणि मला विचारले, "म्हावरं काय थांबतंय का, साहेब?" मी तो शेरा खोडला. नोकरीत स्वतःचा शेरा खोडण्याची पाळी फार थोड्या वेळा आली, त्यातली ही एक.

मासेमारी कुटुंबाला हवामान आणि बाजार अशा दोन गोष्टी छळतात असे आपण म्हणतो, जणू त्या वेगवेगळ्या आहेत. वह्या पाहून मला वाटू लागले की दोन्हीकडे कोळ्याला एकच प्रश्न येतो: थांबायचे कोणी? हवामान त्याला किनाऱ्यावर थांबवते, तेव्हा थांबणे परवडत नसते. बाजारात त्याला थांबायचे असते, तेव्हा थांबता येत नाही. ज्याच्याकडे थांबण्याची ऐपत आहे, भाव त्याच्या हाती जातो. ही ऐपत बर्फाची असते, पैशाची असते, कधी नुसत्या सावलीच्या जागेची असते.

आता हवामानाकडे येतो. उत्तनची मुख्य मासेमारी डोल जाळ्याची. डोल म्हणजे समुद्रात खुंट्यांना किंवा नांगरांना बांधलेली लांब पिशवी. ती मासळीच्या मागे जात नाही, पाण्याच्या ओढीने मासळी तिच्यात येते. म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाला ओढ जोरात असते तेव्हा डोल भरते. अष्टमीच्या आगेमागे पाणी मंद होते, त्याला भांग म्हणतात. भांगेच्या दिवसांत जाळी दुरुस्त होतात, लग्ने ठरतात, भांडणेही होतात. म्हणजे महिन्यातले निम्मे दिवस निसर्गाने आधीच कापून घेतले आहेत. त्यातून पावसाळ्यातली बंदी. महाराष्ट्रात यांत्रिक बोटींसाठी ती १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची आहे. ही बंदी कोळ्याला मनापासून मान्य आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जायचे नाही हा नियम सरकारच्या किती तरी आधी त्यानेच केला होता. जुन्या हिशेबात ही बंदी बसत होती. मे महिन्यात घरोघरी आगोट व्हायची, सुके बोंबील, जवळा, करंदी डब्यांत भरली जायची आणि पावसाळा निघायचा.

बिघडले ते बाकीचे दहा महिने. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली आणि अतितीव्र वादळे दीडशे टक्क्यांनी, असे त्यात दिसते. आमच्या वह्यांत हाच आकडा वेगळ्या रूपात येतो. २०१९ चा हंगाम घ्या. ऑगस्ट-सप्टेंबर पावसाने खाल्ले. ऑक्टोबरच्या अखेरीस, ऐन दिवाळीत, क्यार नावाचे महाचक्रीवादळ अरबी समुद्रात उठले आणि ते ओमानच्या दिशेने निघते न निघते तोच महा आले. दोन्ही वादळे आपल्या किनाऱ्यावर आदळली नाहीत. वर्तमानपत्रांनी 'मुंबई बचावली' असे लिहिले आणि ते खरेही होते. पण बोटी किनाऱ्यालाच राहिल्या. घर पडले तर पंचनामा होतो. बोट नुसती उभी राहिली तर पंचनामा कशाचा करणार? डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, रेशन हा सारा खर्च झालेला असतो आणि जाळे मात्र कोरडे असते. राज्य सरकारने पुढे त्या दोन वादळांसाठी मच्छीमारांना वेगळी मदत जाहीर केली, हे नोंदवले पाहिजे. ती जाहीर झाली २०२० च्या पावसाळ्यात. तोवर निसर्ग वादळ अलिबाग-श्रीवर्धनकडे येऊन गेले होते आणि टाळेबंदीही लागली होती.

वाऱ्याचे नुकसान निदान दिसते. अवेळी पाऊस त्याहून चोरटा. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी नावाचे वादळ दक्षिणेकडून वर आले आणि विरत विरत गुजरातकडे गेले. मुंबई-ठाण्यात ४ आणि ५ डिसेंबरला पाऊस झाला, शाळांना सुट्टी मिळाली, चाकरमान्यांनी भजी तळली. त्याच वेळी उत्तन-गोराईच्या किनाऱ्यावर बांबूच्या उभ्या मांडवांवर बोंबील वाळत होते, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून टांगलेले. अर्धवट वाळलेल्या बोंबलावर पाऊस पडला की तो काळा पडतो, त्याला वास सुटतो. माणसांच्या ताटातून तो उतरतो आणि कोंबड्यांच्या खाद्यात किंवा खतात जातो. बोंबील वाळवणे ही कोळी समाजाची थांबण्याची जुनी युक्ती आहे. ओल्याला भाव नाही ना, मग वाळवू, पावसाळ्यात विकू. डिसेंबरातल्या दोन दिवसांच्या पावसाने ती युक्तीच भिजवली.

आता बाजार. इथे आपण सगळे, म्हणजे या सभागृहात बसलेले खाणारे लोक, गोष्टीत येतो.

मी गणितातला माणूस असल्याने एकदा पंचांग आणि विक्रीची वही शेजारी ठेवून बसलो होतो. कोळी तिथी पाहतो ती पाण्यासाठी. गिऱ्हाईकही तिथी पाहते, पण उपासासाठी. दोघांचे पंचांग एकच आणि दोघांचा अर्थ उलटा! पौर्णिमेनंतर तीन-चार दिवस उधाणाचा जोर असतो, डोल भरभरून येते आणि त्याच जोरात कृष्ण चतुर्थी येते, म्हणजे संकष्टी. ठाणे-डोंबिवलीतला मराठी मध्यमवर्ग त्या दिवशी मासळीकडे पाहत नाही. एकादशी येते भांगेत, तेव्हा मुळात मासळीच कमी. म्हणजे ज्या उपासाने कोळ्याचे काही बिघडले नसते तो मंद पाण्यात येतो आणि ज्याने बिघडते तो नेमका भर पाण्यात. याशिवाय कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. मार्गशीर्षातले गुरुवार तर घरोघरी. यात कुणाच्या श्रद्धेला नाव ठेवण्याचा हेतू नाही. मी स्वतः संकष्टी धरतो. पण भाव कसा ठरतो हे सांगताना मागणी कुठे झोपते तेही सांगायला हवे.

सर्वांत मोठी झोप श्रावणात लागते. १ ऑगस्टला बंदी उठते, दोन महिने रोखून धरलेल्या बोटी सुटतात, समुद्र ताजा असतो आणि गिऱ्हाइकाने आदल्या अमावास्येलाच 'गटारी' करून तोंड बंद केलेले असते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. आषाढी अमावास्या १७ जुलैला, म्हणजे बंदी चालू असतानाच. त्या दिवशी ज्यांनी चढ्या भावाने पापलेट घेतले त्यांनी बर्फातले किंवा परप्रांतातले घेतले, त्यातला रुपया उत्तनला गेला नाही. पुढे अधिक आणि निज असे दोन श्रावण १५ सप्टेंबरपर्यंत, १९ ला गणपती, २९ पासून पितृपक्ष, १५ ऑक्टोबरला घटस्थापना. अधिक महिना सगळेच पाळत नाहीत हे कबूल. तरी पाळणाऱ्या घरांपुरते बोलायचे तर बंदी उठल्यानंतरचे अडीच-तीन महिने असेच तुकड्यातुकड्यांनी गेले. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, आषाढी अमावास्या आली ४ ऑगस्टला, तीही रविवारी. बंदी उठून चार दिवस झालेले. गिऱ्हाईक आणि बोट यांची गाठ पंचांगाने एका रविवारापुरती घालून दिली. एवढ्या मोठ्या धंद्याचा हंगाम चंद्राच्या अशा लहरीवर हलतो, हे आपल्या अर्थसंकल्पात कुणी मांडलेले मला तरी आढळले नाही.

जवळचे गिऱ्हाईक झोपले की माल दूरच्याकडे पाठवावा, असे अर्थशास्त्र म्हणते. शेवंडीने तेच केले. पण दूरच्या बाजारालाही त्याचे हवामान असते आणि त्याचा अंदाज कुलाब्याची वेधशाळा देत नाही. जिवंत शेवंडीची आणि जिवंत खेकड्याची मोठी मागणी चिनी नववर्षाला असते. २०२० मध्ये ते नववर्ष २५ जानेवारीला होते. २३ जानेवारीला वुहान शहर बंद झाले, मेजवान्या रद्द झाल्या आणि जिवंत मालाची खोकी जगभर जिथल्या तिथे अडली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शेवंड पकडणाऱ्यांचा जवळजवळ सगळा माल चीनला जात असे, त्यांनी बोटी बांधून ठेवल्या. आपल्याकडे तामिळनाडू-आंध्रातून चेन्नईमार्गे जाणाऱ्या खेकड्यांचे भाव कोसळले. तिकडचा एक आजार, इकडच्या चिंबोरीचा भाव, आणि मधे सात समुद्र.

आता एक उलटे उदाहरण देतो, कारण ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे, शेवंडीवर जगणारे. २०१२ मध्ये तिथला समुद्र कधी नव्हे इतका तापला. शेवंडींनी कात टाकण्याचा आपला मुहूर्त काही आठवडे अलीकडे ओढला आणि त्या सापळ्यांत लवकर, अमाप आल्या. पकड विक्रमी झाली. हवामान प्रसन्न झाले म्हणायचे! पण माल प्रक्रियेसाठी जायचा तो शेजारच्या कॅनडातल्या कारखान्यांत आणि ते अजून स्वतःच्या हंगामाच्या मालात बुडालेले होते. बोटीवरचा भाव कोसळला. या स्वस्त मालामुळे चिडलेल्या कॅनेडियन मच्छीमारांनी कारखान्यांचे रस्ते अडवले. मेनच्या मच्छीमारांकडे दांडगी बोट आहे, बँक आहे, विमा आहे, भरतीच्या पाण्यावर चालणारी कोंडवाड्यासारखी तळी आहेत, जिथे शेवंड आठवडे-महिने जिवंत ठेवून भावाची वाट पाहता येते. तरीही त्यांची ही गत. मग डोक्यावर पाटी घेऊन पहाटेच्या गाडीत चढणाऱ्या बाईची काय कथा?

आता त्या बाईकडे येतो. माझ्या वह्यांत ती नसायची. वहीत नाखवा असायचा, बोटीचा नंबर, डिझेलचे लिटर, कर्जाचा हप्ता असायचा. माल बोटीवरून उतरला की वहीतला रकाना संपायचा आणि तिथून तिचे काम सुरू व्हायचे. लिलावात बोली लावायची, बर्फ घ्यायचा, रिक्षा करायची, गाडी पकडायची, फूटपाथवर जागा राखायची आणि मग आपल्यासारख्यांशी घासाघीस. आम्ही "मावशी, जरा बघून लावा" म्हणतो आणि मावशी वाटा लावते. सकाळी वाट्यात सहा बोंबील, दहा वाजता आठ, बारा वाजता अकरा. कोसळणाऱ्या भावाचा आलेख इतका स्वच्छ मी कुठल्याही अहवालात पाहिलेला नाही. नुकसान बोटीवर होते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते वाट्यात मुरते आणि घरी परतताना तिच्या पदराच्या गाठीत कमी भरते.

आमच्या घरी येणाऱ्या कोळीणमावशी मुंब्र्याच्या बाजूच्या होत्या. त्यांच्याकडून मला खाडीची शेवंड कळली, म्हणजे चिंबोरी. चिंबोरीही थांबू शकते. नांग्या सुतळीने बांधून ओल्या गोणपाटात ठेवली तर चार-सहा दिवस जगते. तिथेही तिथी आहेच. अमावास्येची भरलेली, पौर्णिमेची पोकळ, असे सगळे सांगतात. मावशी अंगठ्याने पोटाखालचे कवच दाबून भरीव-पोकळ सांगायच्या आणि पोकळ निघाली तर पुढच्या खेपेला एक जास्त द्यायच्या. आईने एकदा विचारले, आज विकली गेली नाही तर? त्या म्हणाल्या, "हिला उद्या आहे. निवट्यांना नाय." निवट्या म्हणजे चिखलावर उड्या मारणारे ते मासे, मेले की संपले. लहानपणी ऐकलेल्या या वाक्यावर मी आज तासभर बोलतो आहे.

खाडीच्या हवामानाबद्दल वेगळे बोलले पाहिजे, कारण तिथे आभाळाइतकाच शहराचाही हात आहे. पूर्वी पहिला जोराचा पाऊस म्हणजे वलगण. अंडी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढायचे, शेतांत यायचे, अख्खा गाव टोपल्या घेऊन धावायचा. आज पहिल्या पावसाबरोबर नाल्यांत वर्षभर साचलेले सगळे एकदम खाडीत उतरते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे चढण्याऐवजी उलटे होऊन तरंगतात. वालधुनी कल्याणजवळ उल्हासला मिळते. अंबरनाथ-उल्हासनगरकडून ती काय घेऊन येते, हे रेल्वेच्या पुलावरून नाक मुठीत धरून जाणाऱ्याला सांगायला नको. रेतीउपशाने तळ खरवडला गेला, त्याबरोबर माशांची अंडी घालायची जागाही. ठाणे खाडीत फ्लेमिंगो वाढले म्हणून आपण कौतुक करतो. २०१५ मध्ये अभयारण्य झाले, २०२२ मध्ये ती खाडी रामसर स्थळांच्या यादीतही गेली. चांगलेच झाले. मात्र ते पक्षी जे शेवाळ खायला येतात ते आपल्या सांडपाण्यावर पोसलेले आहे. चेंदणी किंवा विटाव्याच्या कोळ्याला गुलाबी पक्षी पाहून आनंद होत असेलही, पण शेवाळावर त्याचा जिताडा वाढत नाही. जिताड्यावरून आठवले. शेजारच्या रायगड जिल्ह्यात एक जिताडा साहेबांच्या घरी पोचला की अडलेले काम होते, अशी ख्याती आहे. लेखापरीक्षकांच्या वाट्याला सहसा शिंगाळाच येतो.

थांबण्याची गोष्ट एका बाजूनेच सांगितली तर ती खोटी ठरेल. कोळ्याला कुणी थांबू दिले नाही हे खरे, तसे आपणही समुद्रासाठी थांबलो नाही. मुंबईच्या पाण्यात चपट्या डोक्याची, वाळूत दडणारी शेवंडीची आणखी एक जात होती. १९७८ च्या सुमारास ट्रॉलरच्या जाळ्यांत ती मोठ्या प्रमाणात येऊ लागली, तिच्या शेपटीला परदेशी भाव मिळाला आणि १९९४ पर्यंत ती जवळजवळ संपली. सोळा-सतरा वर्षांत एक मासेमारी जन्मली आणि मेली. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या डॉ. विनय देशमुख यांनी या ऱ्हासाची शास्त्रीय नोंद केली. कारण साधे आहे. अंडी धरलेल्या माद्याही उचलल्या गेल्या. शेवंडीची मादी अंडी पोटाखाली चिकटवून आठवडे वागवते, पिल्ले पारदर्शक पानासारखी पाण्यात तरंगत वाढतात, मग तळाला बसतात. एवढ्या सावकाश जिवाला दर रात्री तळ खरवडणारे जाळे कसे झेपावे? देशभरातली शेवंडीची आवकही १९८५ मध्ये सुमारे चार हजार टनांवर पोचली होती, ती उंची पुन्हा गाठली गेली नाही.

२००३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीसाठी किमान वजने ठरवली. आपल्या चिखलातल्या शेवंडीला ३०० ग्रॅम, त्या चपट्या जातीला १५० ग्रॅम. चपटीसाठी नियम आला तेव्हा मुंबईच्या पाण्यात तिची मासेमारी संपून नऊ वर्षे झाली होती. शिवाय तो नियम बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाला होता. अडीचशे ग्रॅमची शेवंड परदेशी जात नव्हती, ती हायवेवरच्या हॉटेलात लोण्यात परतली जात होती. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले, ते योग्य केले. पण लहान शेवंड परत पाण्यात सोडणे हेही एक थांबणेच आहे. डिझेलची उधारी डोक्यावर असलेल्या माणसाला ते सांगताना, त्याच्या त्या दिवसाचे पैसे कोण भरणार, हा प्रश्न ऐकून घेण्याची तयारी ठेवली पाहिजे.

तो प्रश्न ऐकून घेणारी एक वाट एप्रिल २०२५ मध्ये उघडली. राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीजदर, कर्जाचे व्याज, विमा यांत सवलती मिळतील असे त्यात म्हटले आहे. मला त्यात एक गोष्ट जोडायची आहे आणि ती फार खर्चाची नाही. हवामान खाते इशारा देते आणि मत्स्यव्यवसाय खाते बोटी परत बोलावते, तो दिवस सरकारी कागदावर आधीच नोंदलेला असतो. मग प्रत्येक वेळी वेगळा पंचनामा, वेगळे पॅकेज, वेगळी रांग कशाला? इशाऱ्याचा दिवस हाच पुरावा धरा. महिन्यात असे किती दिवस गेले ते मोजा आणि तेवढे पैसे संस्थेमार्फत बोटीला, खलाशाला आणि विक्री करणाऱ्या बाईला वेगवेगळे द्या. बाईला वेगळे, कारण बोट उभी राहिली की तिची पाटीही उभी राहते आणि तिच्या नावावर बोट नसते. दुसरे, बाजारात तिच्या ताब्यातली बर्फाची पेटी. निर्यातदारांची मोठी शीतगृहे बांधायला योजना पुष्कळ आहेत. ठाण्याच्या, कल्याणच्या मासळी बाजारात पाच-दहा बायकांनी मिळून कुलूप लावावे अशी, बारा तास माल टिकवणारी पेटी मी एवढ्या वर्षांत कुठल्याही वहीत मालमत्तेच्या रकान्यात पाहिली नाही. बारा तास मिळाले तर दुपारी बाराचा अकरा बोंबलांचा वाटा संध्याकाळी पुन्हा सातावर येऊ शकतो. कार्यालयातून सुटलेली माणसे संध्याकाळीच मासळी घेतात.

यावर एका अधिकाऱ्याने मला सांगितले होते की पेटी दिली तर त्या बायका शिळे विकतील. मी म्हटले, बर्फातले शिळे हल्ली मॉलमध्ये जास्त भावाने विकतात, त्याला आपण ताजे म्हणतो. तो हसला. फाइल पुढे गेली की नाही ते मला कळले नाही, मी त्याच महिन्यात निवृत्त झालो.

घड्याळात साडेआठ वाजत आले आहेत. सव्वादोनची भरती, त्यात सहा तास मिळवा, म्हणजे मुंबईला ओहोटी पुरी झाली. मोठागावच्या खाडीत पाणी अजून उतरत असेल. पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेत, उधाणाची ओढ आहे, आज डोली भरल्या असणार. उद्या सोमवार, त्यात संकष्टी. इथून स्टेशनकडे जाताना पुलाच्या जिन्याखाली दोन-तीन मावश्या अजून बसलेल्या दिसतील. त्यांच्या पाट्यांत आज बोंबील भरपूर आणि स्वस्त असतील. भाव त्या स्वतःहूनच उतरवतील, उतरवायला सांगू नका.